पांढऱ्या पातीचे फडे

रविवारी सकाळी चर्चच्या दाराशी, भिंतीत बसवलेल्या छोट्या दगडी वाटीतल्या पवित्र पाण्यात बोटं बुडवताना बा क्षणभर डोळे मिटायचा, खालचा ओठ आत ओढायचा, आणि मग कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा अशी सावकाश क्रूसाची खूण करायचा. मला वाटायचं, ही त्याची प्रार्थना. त्याच्या कमरेएवढी होते तेव्हा मीही तसेच डोळे मिटायचे, तसाच ओठ आत ओढायचे. पुष्कळ वर्षांनी कळलं, की शिंदीच्या पात्यांनी आठवडाभर चिरलेल्या त्याच्या बोटांना ते पाणी झोंबायचं. फादर त्यात मीठ घालून आशीर्वाद देत असत. म्हणजे ती प्रार्थना नव्हतीच का... की दोन्ही एकाच वेळी होतं? मला अजून ठरवता आलेलं नाही.

बा म्हणजे माझे वडील, अंतोन. शहाद्याहून धडगावकडे जाणारा रस्ता सातपुड्याच्या पायथ्याला जिथे वर चढू लागतो, तिथलं आमचं गाव. आम्ही भिल्ल, आजोबांच्या काळापासून कॅथलिक. घरात भिली, बाजारात आणि गोदामात अहिराणी, शाळेत आणि चर्चमधल्या उपासनेला, मिस्सेला, मराठी, अशा तीन भाषांत आमचा दिवस जायचा. बाचं घरातलं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे. लिहिताना ते जरा इस्त्री केल्यासारखं होतं, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

बाचा धंदा फड्यांचा. शिंदीच्या पानांपासून बांधलेला झाडू. कुणी त्याला केरसुणी म्हणतं, आमच्याकडे फडा. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या कापून आणायच्या, अंगणात वाळवायच्या, त्यांची पाती सोलून काढायची, पाणी शिंपडून मऊ करायची, मग पाटावर खिळे ठोकून केलेल्या फणीवरून ओढून बारीक चिरायची, आणि मूठ वळून घट्ट बांधायची. घराला लागूनच पत्र्याचं गोदाम होतं. तिथे पाच-सहा बायका बसायच्या, आणि दिवसभर फणीचा खर्र... खर्र... असा आवाज चालायचा. त्या आवाजावर मी झोपले, त्या आवाजावर पाढे पाठ केले. आणि तो वास! वाळत्या पानांचा, उन्हात तापलेल्या पत्र्याचा, भिजवलेल्या सुतळीचा... गवतासारखा, पण गवताहून कोरडा, थोडा गोडसर. माझ्या शाळेच्या गणवेशाला, बाच्या शर्टाला, आईच्या भाकरीच्या टोपलीलासुद्धा तो वास असायचा. इतरांच्या घराला वास येत नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आमच्या लोकांना बाजारात बहुतेक मजूर म्हणूनच ओळखत. बाला मात्र ‘अंतोनशेठ’ म्हणत. काहीजण आदरानं, काहीजण चेष्टेनं. बा दोघांकडेही बघून सारखाच हसायचा. त्याचे फडे नंदुरबारपर्यंत जायचे. दिवाळीला बायका ते घरी नेऊन हळद-कुंकू वाहायच्या. त्याला चुकून पाय लागला तर नमस्कार करायच्या. हे बाला फार आवडायचं. “आपण कचरा काढायची वस्तू करत नाही,” तो आईला सांगायचा, “लोक तिच्या पाया पडतात.” आई म्हणायची, “पडतात ना, मग तुझ्या चपला त्या ढिगाऱ्यावरून उचल आधी.”

नवा फडा पहिले काही दिवस बारीक पाती गाळतो. कुणी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की बाचं एक उत्तर ठरलेलं असे, आणि ते तो नेहमी अहिराणीतच देई: “पहिले चार दिन हाऊ सोताले झाडस, मंग घर झाडस.” म्हणजे आधी तो स्वतःला झाडतो, मग घर झाडायला लागतो. माणूस हसून परत जायचा.

रविवारी गोदाम बंद. शेजारच्या गावाचा बाजार रविवारी भरायचा, मोठा बाजार, पण बाने तिथे कधी पाल टाकलं नाही. एक भांडीवाला त्याला नेहमी टोचायचा, “शेठ, तुमना देव सुट्टी देस, आमना देव तर रोज काम कराले लावस. माले बी लई चला तुमना चर्चमा!” शनिवारी संध्याकाळी बायका गेल्या की बा स्वतः गोदाम झाडायचा. ते काम तो कुणाला देत नसे. कोपऱ्यापासून दारापर्यंत, सावकाश, शिट्टी न वाजवता, न बोलता. मग दाराला कडी, हातपाय धुणं, आणि आम्हा सगळ्यांना गोळा करून जपमाळ. जपमाळेच्या पाच टप्प्यांना रहस्यं म्हणतात; तिसऱ्या रहस्यापर्यंत धाकटा भाऊ पेंगायचा, चौथ्याला कधीकधी बा स्वतःच. आई त्याच्या गुडघ्यावर हळूच चापट मारायची, आणि तो जणू काही झालंच नाही अशा आवाजात पुढचा ‘नमो मरिया’ सुरू करायचा.

सकाळी शाळेत जाताना माझी वेणी बा घालायचा, आई नाही. त्याची बोटं पात्यांना वळवायला इतकी सरावली होती, की केसांचे तीन पेड त्याच्या हातात आपोआप घट्ट बसायचे. आई बघून म्हणायची, “पोरीची वेणी घातलीस की फडा बांधलास?” तो माझ्या वेणीचं टोक हातात धरून फिरवायचा आणि म्हणायचा, “पक्का माल आहे. वर्षभर सुटणार नाही.”

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आमच्या चर्चमध्ये लागणाऱ्या झावळ्या बाच द्यायचा. आमच्याकडे नारळ नाहीत, म्हणून शिंदीच्या. पण धंद्यासाठी कापायच्या त्या नव्हेत. शिंदीच्या गाभ्यातली, अजून न उलगडलेली कोवळी झावळी तो स्वतः चढून काढायचा. ती हिरवी नसते, फिकट लोण्यासारखी असते. ती हातात धरून सगळं गाव गात मिरवणुकीनं चर्चमध्ये यायचं, फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडायचे, आणि मग प्रत्येक घरात ती झावळी क्रूसामागे किंवा पवित्र चित्रामागे वर्षभर खोचलेली असायची. पुढच्या वर्षी उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी लोक त्या वाळक्या झावळ्या परत आणायचे. त्या जाळून त्यांची राख होते, आणि राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, तीच राख सगळ्यांच्या कपाळाला लागते. आशीर्वाद झालेली वस्तू कचऱ्यात टाकायची नाही, पायदळी येऊ द्यायची नाही, एवढं लहान पोरालाही ठाऊक होतं. चर्च टेकडावर, आमचं गोदाम रस्त्यावर. म्हणून म्हातारीकोतारी माणसं झावळ्या बाच्याकडेच देऊन जायची. बा त्या एका स्वच्छ पोत्यात जमा करून मंगळवारी फादरकडे पोचवायचा.

मी दहा वर्षांची झाले त्या वर्षी बाने ते पोतं माझ्यावर सोपवलं. “हे तुझं काम,” तो म्हणाला. मला वाटलं, मी एकदम उंच झाले.

त्याच आठवड्यात मार्तामावशी आली. ती आमच्या गल्लीच्या टोकाला एकटी राहायची. तिचा मुलगा पेत्रू तीन वर्षांपूर्वी गुजरातमध्ये ऊसतोडीला गेला होता, तिथे तापानं गेला. जाण्याआधीच्या झावळ्यांच्या रविवारी त्यानं हातात धरलेली झावळी मावशीनं तीन वर्षं परत दिली नव्हती. बा दरवर्षी तिच्या दारात जाऊन हळूच विचारायचा, आणि ती मान हलवायची. त्या वर्षी मात्र ती स्वतः आली. झावळीच्या देठाला पेत्रूच्या निळ्या शर्टाची एक चिंधी बांधलेली होती. तिनं ती बाच्या हातात दिली नाही, माझ्या हातात दिली. “नीट ठेव गं,” एवढंच म्हणाली.

मी नीटच ठेवत होते. म्हणूनच तर सगळं बिघडलं.

पोतं उघडलं तेव्हा काही झावळ्या ओलसर लागल्या. कुणाच्या घरात भिंतीला ओल असावी. ओलं जळणार नाही, राख काळी आणि चिकट होईल, असं बा एकदा म्हणाल्याचं मला आठवलं. गुरुवारी सकाळी शाळेत जाण्याआधी मी सगळ्या झावळ्या काढल्या आणि अंगणात उन्हाला पसरल्या... जिथे धंद्याची पानं पसरलेली होती, त्याच अंगणात, त्यांच्याच शेजारी. सांगायचं राहिलं. खरं तर सांगायचं सुचलंच नाही, कारण माझ्या डोळ्यांना त्या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या दिसत होत्या. संध्याकाळी परतले तेव्हा अंगण रिकामं होतं. वाटलं, बाने उचलून पोत्यात भरल्या असतील.

शुक्रवारी शाळेतून आले, तर गोदामाच्या भिंतीशी तेरा फडे ओळीनं उभे होते. बाकीच्या तपकिरी-हिरवट फड्यांमध्ये ते वेगळेच उठून दिसत होते, पांढुरके, मऊ, पाती केसांसारखी बारीक. ते बांधणारी झिनाबाई, आमच्याकडची सगळ्यात जुनी कामगार, कौतुकानं त्यांच्यावरून हात फिरवत होती. “दख व पोरी, कसा माल व्हयना! असा पाला कोठेन उना कोण जाने. हातले टोचाव बी नही.” तेवढ्यात बा आला. त्यानं एक फडा उचलला, मूठ दाबून पाहिली, म्हणाला, “झिनाबाई, तुना हातनी जादू शे.”

मला कळलं होतं. पहिल्याच क्षणी कळलं होतं. तरी मी सांगितलं नाही. बा इतका खूश होता... झिनाबाई इतकी खूश होती... मी मनाशी म्हटलं, उद्या सांगीन. शनिवारी सकाळी मी शाळेत असताना ते तेराही फडे इतर मालाबरोबर टेम्पोत चढले आणि शहाद्याला रशीदचाचांच्या दुकानात गेले.

शनिवारी संध्याकाळी बा नेहमीसारखा गोदाम झाडत होता. मी दारात उभी होते, सांगायचंच असं ठरवून. कोपऱ्यातून झाडत तो मधोमध आला आणि थांबला. वाकला. केरातून त्यानं काहीतरी उचललं, बोटांत धरून उजेडाकडे नेलं. निळी चिंधी.

त्यानं पोत्याकडे पाहिलं. पोतं भिंतीला टेकून पडलं होतं, रिकामं, घडी पडलेलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“उन्हाला टाकल्या होत्या,” मी म्हणाले. “ओल्या होत्या म्हणून.”

“कधी कळलं तुला?”

“काल.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पालथ्या टोपलीवर बसला आणि कितीतरी वेळ ती चिंधी तळहातावर घेऊन बघत राहिला. आतून आईनं जपमाळेसाठी हाक मारली, तरी उठला नाही. मग म्हणाला, “काल सांगितलं असतंस, तर फडे इथेच होते.” बस्स, एवढंच. त्या संध्याकाळी तो जपमाळेत पेंगला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्सा संपल्यावर तो मला घेऊन फादरकडे गेला. आमचे फादर वयस्क होते, कोकणातले, हळू बोलणारे. सगळं ऐकून ते म्हणाले, “अंतोन, मुद्दाम कुणी केलं नाही. गोदामात दुसरी पानं असतील, ती जाळू. देवाला चालेल.”

“देवाला चालेल, फादर,” बा म्हणाला. “पण मी लोकांकडून घेतलीत.”

बुधवार तीन दिवसांवर होता. त्यानं मोटरसायकल काढली, मागे बारा नवे फडे बांधले, मला पुढे टाकीवर बसवलं. “बुधवारच्या आत जेवढे मिळतील तेवढे आणायचे. आणि मावशीला तू सांगायचं. मी नाही.” रस्त्यानं दोन्हीकडे केळीच्या बागा होत्या, उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, वाऱ्याला चिपाडाचा गोड वास होता. एरवी मी त्या रस्त्यानं गात जायचे. त्या दिवशी मी मनात एकच वाक्य जुळवत होते, मावशीला सांगायचं, आणि ते काही जुळत नव्हतं.

रशीदचाचा बाला पाहताच गल्ल्यावरून उठले. “अरे अंतोनशेठ, आज इतवार को? सूरज किधर से निकला? और वो सफेदवाला माल और है क्या? लोग पूछ रहे हैं!” बाने कारण सांगितलं. चाचांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. दुकानात दोन शिल्लक होते, ते त्यांनी लगेच काढले, हातानं झटकले आणि टेबलावर ठेवले. खाली जमिनीवर नाही. मग वरच्या मजल्याकडे तोंड करून हाक मारली. वरून एका बाईचा आवाज आला, “आधा घर हुआ है, आधा बाकी है!” चाचा स्वतः वर गेले आणि फडा घेऊन आले. म्हणाले, “बेगम नाराज है. कल उसको दो देना पडेंगे.” बाने तिथल्या तिथे एक नवा फडा सोडून दिला. मग चाचांनी सांगितलं, की एक फडा डोंगराकडच्या कुणा अनोळखी माणसानं नेला. आणि नऊ एकदम गेले ते तापीकाठच्या प्रकाशा गावाला. महाशिवरात्र दोन दिवसांवर होती. तिथल्या बायका दरवर्षी जत्रेआधी देवळाचं आवार आणि तापीचा घाट झाडायला नवे फडे नेत.

बा दुकानाच्या पायरीवर बसून पाणी प्यायला. मला वाटलं, आता परत फिरणार. तो म्हणाला, “चल.”

प्रकाशाला पोचलो तेव्हा ऊन तिरपं होऊ लागलं होतं. घाटाच्या पायऱ्या उतरत्या, खाली तापीचं रुंद, संथ पाणी, आणि पायऱ्यांवर पदर खोचलेल्या नऊ बायका ओळीनं झाडत होत्या. त्यांच्या हातात आमचे पांढुरके फडे. लयीत, एकाच वेळी, उजवीकडून डावीकडे... वाळू, सुकी फुलं, बेलाची पानं, सगळं त्यांच्या पुढे पुढे सरकत होतं. ते इतकं सुंदर दिसत होतं, की मी का आलेय हेच विसरले. मग आठवलं: त्यांतल्याच कुठल्यातरी फड्यात पेत्रूची झावळी होती.

त्या बायकांची पुढारी होती काशीबेन, गुजर घरातली, धिप्पाड, पांढऱ्या केसांची. बाने नवे फडे पुढे ठेवले आणि जुने मागितले.

“नवा दी ऱ्हायना आनि जुना मांगी ऱ्हायना?” एक तरुण बाई ओरडली. “डोकं ठिकाणवर शे ना, शेठ?” सगळ्या हसल्या.

बाने सांगितलं. खालच्या आवाजात, अडखळत. झावळ्या कशा आशीर्वादाच्या आहेत, त्यांची राख कपाळाला कशी लावतात, कुणाकुणाच्या घरातून त्या आल्यात. हसू थांबलं. एकीनं हातातला फडा पटकन पायरीवरून उचलून छातीशी धरला.

काशीबेननं आधी बाच्याकडे पाहिलं, मग अर्ध्या झाडलेल्या घाटाकडे. “राख तर आमना देव बी लावस,” ती म्हणाली. “पन शेठ, देवना काम अर्धामा कशी सोडू? झाडीसन व्हऊ द्या, मंग लई जा.” मग जरा थांबून, “उभा काय ऱ्हायनात? नवा फडा शे ना तुमनाजोडे? घ्या हातमा.”

तो रविवार होता. माझ्या आठवणीत बाने रविवारी कधी सुतळीचा तुकडाही कापला नव्हता. त्यानं एकदा वर आभाळाकडे पाहिलं, मग पँट दुमडली, एक नवा फडा सोडवला आणि पायरीवर वाकला. मीही एक घेतला. नव्या फड्यातून बारीक पाती गळू लागली, बाच्या मागे पायरीवर त्यांची रांगच उमटली.

“शेठ, तुमना फडा तर कचरा वाढाई ऱ्हायना!” ती तरुण बाई म्हणाली.

बा न थांबता म्हणाला, “पहिले चार दिन हाऊ सोताले झाडस, मंग घर झाडस.”

घाटावर जे हसू फुटलं, ते पाण्यावरून पलीकडे गेलं असेल. काशीबेन तर कमरेवर हात ठेवून हसली. आम्ही शेवटच्या पायरीपर्यंत झाडत गेलो, जिथे पाणी पायाला लागतं. मग काशीबेननं ते नऊही फडे एकेक करून तापीत बुडवले, झटकले आणि दोन्ही हातांनी बाला दिले. नवे नऊ मात्र तिनं आधीच मोजून बाजूला काढले होते.

परतताना वारा गार झाला होता. ओल्या फड्यांचं पाणी माझ्या पाठीवर ठिबकत होतं, कारण ते आता गाडीला बांधलेले नव्हते, मीच त्यांना पाठीशी बांधून मागे बसले होते. बारा मिळाले होते. एक गेला तो गेला. त्यात कुणाची झावळी होती, देव जाणे.

मार्तामावशी चुलीपुढे होती. बा दाराबाहेरच थांबला. मला त्याची सावली उंबऱ्यावर दिसत होती. रस्ताभर जुळवलेलं वाक्य मला आठवलंच नाही. मी चिंधी पुढे केली आणि म्हणाले, “मावशी, पेत्रूदादाच्या झावळीचा फडा झाला. माझ्यामुळे. मला कळलं होतं तरी मी सांगितलं नाही.”

तिनं चिंधी हातात घेतली. चुलीतलं लाकूड तडतडलं. मला वाटलं, आता ती मला घराबाहेर काढील, आणि तसं झालं असतं तरी बरोबरच होतं.

“फड्यानं काय झाडलं?” तिनं विचारलं.

“प्रकाशाचा घाट. सगळा. पार पाण्यापर्यंत.”

तिच्या घशातून एक आवाज आला. मला रडणं वाटलं, पण ते हसू होतं. की दोन्ही होतं. “सव्वीस वर्षांचा झाला,” ती म्हणाली, “घरात कधी हातात झाडू धरला नाही त्यानं. आजारी असले तरी मीच झाडायचे. आणि आता बघा... देवाचा घाट झाडून आला!” ती डोळे पुसत, खांदे हलवत हसत राहिली. मग बाहेर बघून म्हणाली, “अंतोन, आत ये. सावलीला काय भाकरी देऊ?” बा आत आला. आम्ही तिथेच जेवलो, नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. चिंधी तिनं स्वतःकडे ठेवून घेतली.

मंगळवारी चर्चच्या मागच्या अंगणात पत्र्यावर ते बारा फडे जाळले. सुतळी आधी बाने सोडून घेतली. पाती कोरडी होती, धूर फार झाला नाही. बुधवारी सगळं गाव रांगेत उभं होतं. माझी पाळी आली, फादरांचा अंगठा माझ्या कपाळावर टेकला, माणूस मातीचा आहे हे ते नेहमीसारखं हळू पुटपुटले, आणि त्या अंगठ्याखाली काहीतरी खरखरलं. वाळूचा कण. तापीची वाळू. धुवूनही पात्यांत राहून गेलेली. मी मागे वळून पाहिलं, तर बाच्या कपाळावरही ती राख होती, आणि तो डोळे मिटून, ओठ आत ओढून उभा होता... तिथे तर पाणी नव्हतं.

नंतरची वर्षं भराभर गेली. दर महाशिवरात्रीच्या आधी बा स्वतः प्रकाशाला नऊ फडे नेऊन द्यायचा. मग प्लास्टिकचे झाडू आले, रंगीत, न गळणारे. गोदामात पाच बायकांच्या तीन झाल्या, मग एकटी झिनाबाई उरली. तरी मला कॉलेजला नाशिकला पाठवायचं हे बाने ठरवलं होतं. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. हॉस्टेलला सोडायला आला तेव्हा त्याच्या हातात माझी पेटी होती आणि काखेत एक फडा. खोलीतल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. तो गेल्यावर मी तो फडा कॉटखाली ढकलला, भिंतीला लागून, कुणाला दिसणार नाही असा. वर्षभर तो तिथेच होता. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगता येणार नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना, झावळ्यांच्या रविवारनंतर तिसऱ्या आठवड्यात, दुपारी अंगणात पानं उलटताना बाच्या छातीत दुखलं. शहाद्याला नेईपर्यंतही तो थांबला नाही. अंत्यविधीला रशीदचाचा आले, काशीबेनचा मुलगा आला. मार्तामावशी रात्रंदिवस आईजवळ बसून होती.

त्या वर्षी त्यानं हातात धरलेली झावळी घरातल्या क्रूसामागे होती. पुढच्या उपवासकाळाआधी आईनं ती काढायला हात वर केला आणि मी म्हणाले, राहू दे. मार्तामावशी दारातून बघत होती. 

या वर्षी मी स्वतः काढली. राखेच्या बुधवारच्या आधीचा शनिवार होता, संध्याकाळ. गोदाम बरेच महिने बंद होतं. मी उंबऱ्यावर बसून तिची पाती सोलली, पाणी शिंपडलं, फणीवरून ओढली. एका झावळीत कितीशी पाती असणार... मूठभर. बांधताना गाठ दोनदा सुटली, बोटाला चीर पडली. बाच्या नजरेनं पाहिलं तर तो माल दारातूनच परत गेला असता. त्या एवढ्याशा फड्यानं मी गोदाम झाडलं, कोपऱ्यापासून दारापर्यंत, त्याच्यासारखंच न बोलता. मग सुतळी सोडून पाती पोत्यात ठेवली, आणि पोतं फादरांकडे पोचवलं. आता नवे फादर आहेत. त्यांना यातलं काही माहीत नाही.

कडी लावायला परत आले, तेव्हा झाडलेल्या जमिनीवर पांढुरक्या पात्यांची एक बारीक रांग होती, कोपऱ्यापासून दारापर्यंत, माझ्या पावलांमागे गळत आलेली. मी ती उचलली नाही. उभी राहून बघत राहिले. चार दिवस तरी ती तशीच असू द्यावी, असं वाटलं.